मानाचं कपाट

पहिलेच सांगून ठेवते, मी फक्त एक डबा मागतला होता. लाकडाचा, झाकणवाला, उंदराचा दात चालणार नाई असा. आता आमच्या ओसरीत जे धूड उभं हाये अन् जे पाहाले हिंगणघाटहून लोकं येऊन राह्यले, त्याचं पाप माह्या डोक्यावर टाकू नका.

गोष्ट वांग्याची हाये. माही माय गिरडची. तिच्या वाडीत एक वांगं व्हाये, हिरवं, काटेरी, पांढऱ्या रेघाचं. चुलीत भाजलं की शेजारीण भांडण सोडून वाटी घेऊन ये. माय गेली, भावानं वाडी विकली, अन् आता गिरडात ते वांगं शोधून सापडत नाई. माह्याच एकटीपाशी त्याचं बियाणं राह्यलं. दरसाली राखेत घोळून, फडक्यात बांधून आढ्याले टांगून ठेवो मी. अवंदा उंदीर तिथी बी चढला. सकाळी पाह्यलं त खाली भुसा अन् फडक्यात मूठभर बियाणं. अशी रडाले आली मले! ही मूठ गेली की मायचं वांगं दुनियेतूनच गेलं, अन् रोप टाकाले अजून महिनाभर होता.

म्हणून भैय्याजीले म्हणलं, "अहो, रूपराव मिस्त्रीले सांगून मले एक डबा करून द्या."

भैय्याजी म्हणजे आमच्या घरचे. सारं अल्लीपूर त्याइले भैय्याजी म्हणते, म्हणून मी बी म्हणते. लहान काम त्याइले जमतच नाई. खाटेचा पाय मोडला त नवा दिवाण आणला होता. अन् दुसरी खोड अशी का गावात कोणाले नाई म्हणाचं नाई. 'नाई' हा शब्द त्याइनं माह्यासाठी राखून ठेवला हाये.

"डबा कायले?" म्हणे. "मस्त कपाट करू. सागवानाचं. ड्रावरच ड्रावर! मेथीचा अलग, सांबाराच्या धन्याचा अलग, भेंडीचा, दोडक्याचा. अन् तुह्या वांग्याचा बी करू ना."

मी भोळी. खुश झाली.

रूपराव मिस्त्री आले, अंगणातल्या निंबाखाली बसले अन् रंधा चालू झाला. माणूस असा, लाकडाशी बोलते अन् आपण काही इचारलं त हू करते. पण काम पाहाल त बोट तोंडात घालाल. कुठी एक खिळा नाई. सारं लाकडात लाकूड बसवलेलं, पितळी कड्या, वरून आरशासारखं पॉलिश. एवढं घट्ट काम का एक ड्रावर आत ढकलला की आतली हवा दाबून बाजूचा ड्रावर आपोआप बाहेर ये.

"वयनी, याले म्हणते काम," रूपराव म्हणाले. "हवेले बी जाले जागा नाई."

तेवढंच बोलले महिनाभरात. अन् तेच आम्हाले भोवलं.

कपाट अर्धं झालं तवा आंजीहून माही नणंद आली, शकुंतलाबाई. पिशवी बी खाली ठेवली नाई बाईनं. सरळ कपाटापाशी गेली, वरच्या रांगेतला ड्रावर ओढला, वास घेतला अन् म्हणाली, "दादा, हा माह्यावाला."

आता बहिणीचा मान. भैय्याजी कसे नाई म्हणतीन? म्हणे, "घे ना बाई, तुह्याचसाठी केला." बाईनं लगेच कुंकू लावलं, नारळ फोडला अन् आत आपल्या चष्म्याचं घर ठेवलं. मेथी गेली खालच्या रांगेत.

आमच्या इकडे बातमी बसपेक्षा जोरात पळते. तिसऱ्या दिवशी जावई दारात. पीयूष नाव त्याचं, आमच्या उज्वलाचा नवरा, हिंगणघाटले राहते. जोडे काढेना. पाणी नको, चहा नको.

"काऊन जी, काय झालं?" भैय्याजी घाबरले.

"काही नाई," जावई भिताडाकडे पाहून म्हणे. "आत्याबाईले ड्रावर भेटला म्हणते. चांगलं झालं. मी कोण हाये या घरचा!"

झालं! जावई रुसला म्हणजे आमच्या घरात गॅस सुद्धा पेटत नाई. त्याले वरच्याच रांगेतला ड्रावर दिला. त्यानं आत दात घासाचा एक ब्रश ठेवला, अन् मग जोडे काढले. पण त्याचा डावीकडं अन् बाईचा उजवीकडं. उजवा मानाचा का डावा, याच्यावर दोघं जण जेवणं होईपर्यंत भांडले. शेवटी दोघायच्याही वर एक नवी रांग चढवली अन् तिच्यात मधोमध माह्या मरेल सासऱ्याची कवळी ठेवली. मेलेल्या माणसाशी कोण भांडते!

मग काय, लाईनच लागली. व्याही आले बँड घेऊन. हो, बँड! ड्रावरमध्ये टोपी ठेवाले वाजतगाजत आले. पतसंस्थेचे अध्यक्ष आले, भजनी मंडळ आलं. एकाले दिला की दुसऱ्याचं तोंड फुगे अन् रूपरावची एक रांग वाढे. भेंडी, दोडका, सांबार, सारे जुन्या पोत्यात परत गेले. वरचा ड्रावर मानाचा, म्हणून जो तो वर सरकला, अन् वर हात कोणाचाच पुरेना. जावयाले ब्रश काढाले शिडी लागे. एक दिवस पाह्यते त आमच्या सरज्याच्या नावानं ड्रावर! सरजा म्हणजे आमचा बैल. आत त्याचं पोळ्याचं बाशिंग.

"पोळ्याले मान असते त्याचा," भैय्याजी म्हणे. "तो काय बोलून मागणार हाये? आपण समजून घ्या लागते."

"अन् मी बोलून मागून राह्यली ते?" मी म्हणलं. "माह्या बियाण्याचं काय झालं?"

त्याइले खरंच नवल वाटलं. असे पाह्यले माह्याकडं जसं भिताड बोललं.

"अवं, तू त घरचीच हायेस," म्हणे. "घरच्याले कायचा मान?"

माह्या अंगाचा असा भडका झाला का सांगू नका. पण हातात पोळ्यायचं पीठ होतं, काय करता! कारण आता सारे पाहुणे आमच्याच ओसरीत मुक्कामाले होते. काऊन म्हणजे? त्या हवेच्या पायी! शकुंतलाबाईनं आपला ड्रावर लावला की जावयाचा उघडे. जावयाले वाटे मुद्दाम केलं. त्यानं आपला दाणकन लावला की व्याह्याची टोपी बाहेर. मग ठरलं, कोणाले काही काढाचं असलं की साऱ्यायनं आपापल्या ड्रावरले हात लावून उभं राहाचं, भैय्याजी टाळी वाजवतीन, अन् सारे मिळून एकदम लावतीन. बाईले चष्म्याचं घर पाह्यजे असलं की व्याही शिडीवर, जावई स्टुलावर, भजनी मंडळाचे बुवा गुडघ्यावर, अन् बैलाच्या ड्रावरले हात लावाले मी. माह्या नावाचं काही नाई, पण हात मात्र पाह्यजे.

अन् साऱ्यायचा सयपाक कोणाच्या माथी? घरच्याच्या.

बियाणं मी कमरेले खोचून हिंडे. चुलीपुढं घाम येते, बियाण्याले ओल चालत नाई. तांदळाच्या डब्यात ठेवलं त शकुंतलाबाईनं तांदूळ काढताना अर्धं सांडवलं, कोंबड्यायनं वेचलं. मूठभराचं चिमूटभर झालं. मग एका दुपारी, सारे घोरत होते तवा, मी ते फडकं हळूच बाईच्या चष्म्याच्या घरामागं सरकवलं. ड्रावर लावला अन् पलीकडं जावयाचा उघडला. ब्रश पडला खाली. जावई जागा.

"चोर!" म्हणून वरडला.

सारी ओसरी उठली. बाईनं माहं फडकं दोन बोटात धरून वर केलं जसा मरेल उंदीर. "दादा, माह्या ड्रावरमध्ये वांगे!" अन् रडाले लागली. मले वाटलं, आता तरी हा माणूस म्हणन का राहू दे बाई, तिच्या मायची निशाणी हाये. भैय्याजी उठले, फडकं घेतलं, माह्या हातात देलं अन् हात जोडले. मले नाई, बहिणीले. "चूक झाली बाई, घरच्यायले समज नसते."

मी आत गेली. पेटीतलं नवं हिरवं लुगडं नेसली, कापडी पिशवी घेतली, फडकं तिच्यात ठेवलं अन् मागच्या दारानं निघाली.

तुम्हाले वाटन, माहेरी निघाली. कायले? गिरडले जाचं म्हणजे दोन गाड्या बदला लागते अन् ऊन असं का डांबर पायाले लागे. मी गेली अल्लीपूरच्याच स्टँडावर. तर्री-पोहे खाल्ले, झणझणीत, कोणाले न वाढता. हिंगणघाटची बस आली, लोकं उतरले, मी त्यायच्यात मिसळली अन् चालत आमच्या घरी आली. या टायमाले पुढच्या दारानं. चपला न काढता उंबऱ्यात उभी राह्यली अन् कडी वाजवली.

भैय्याजीनं पाह्यलं. "अवं, आत ये ना. चहाची वेळ झाली, सारे वाट पाहून राह्यले."

"रामराम," मी म्हणलं. "भैय्याजीचं घर हेच काय?"

"काय झालं वं तुले? ऊन लागलं काय?"

"मी गिरडहून आली. उज्वलाच्या मामाकडची. म्हणलं सारे येऊन गेले, मामाचा ड्रावर कोणता हाये ते पाहून यावं."

रूपरावचा रंधा बी थांबला. शकुंतलाबाईनं तोंडाले पदर लावला. "अरे देवा," म्हणाली, "दादा, मामाले विसरला तू?"

आता सांगा, लग्नात पोरीच्या पाठीशी मामा नसला त अंतरपाट धरते काय कोणी? बैलाले ड्रावर अन् मामाले नाई! गावात तोंड दाखवाची सोय राहाची नाई. जावई त शिडीवरून उतरलाच. "मामाजीनं उज्वलाले हात धरून मांडवात आणलं होतं," म्हणे. "त्यायचा मान पहिले. नाई त मी माहा ब्रश उचलतो."

"पण ही त..." भैय्याजी माह्याकडं बोट दाखवून म्हणे. "ही त आपली कुसुम हाये!"

"कुसुमबाई आत असतीन, सयपाकात," मी म्हणलं. "त्यायले कायले बोलावता? त्या घरच्या. मी पाहुणी. पाय धुवाले पाणी भेटन का असीच उभी राहू?"

सारे भैय्याजीकडं पाहाले लागले. बुवा म्हणाले, "पाणी द्या, भैय्याजी. पाहुणं उंबऱ्यात हाये."

अन् आमच्या घरच्यायनं तांब्या आणला. सांडवत सांडवत आणला, पण आणला.

आता ड्रावर. रूपरावनं मान हलवली, वर आढं लागलं होतं, रांग चढवाले जागा नाई. आपला सोडाले कोणी तयार नाई. तवा मिस्त्रीनं बोट दाखवलं, एकदम मधल्या, सगळ्यात मोठ्या ड्रावरकडं. त्याले कुलूप होतं. मले आजवर वाटे, देवाचं काही असन.

"हा पहिल्या दिवसापासून भैय्याजीचा," रूपराव म्हणाले.

कुलूप काढलं. आत काहीच नव्हतं. एक सुतळीचा तुकडा सुद्धा नाई! माह्या मायचं बियाणं कोंबड्यायच्या पोटात गेलं, अन् हा मोठा ड्रावर महिनाभर कुलपात रिकामा, मालकाच्या मानासाठी. मी भैय्याजीकडं पाह्यलं. त्याइनं खाली पाह्यलं. मग खांद्यावरच्या दुपट्ट्यानं आतून कानाकोपरा पुसला, चांगला दोन-दोनदा, अन् बाजूले सरले.

मी फडकं मधोमध ठेवलं. एवढ्या मोठ्या ड्रावरमध्ये ते एवढंसंच दिसे. अन् मग दोन्ही हातानं ढकलला, जोर लावून.

फस्सकन आवाज झाला अन् पूरं कपाट उघडलं. बाईचं चष्म्याचं घर, व्याह्याची टोपी, सरज्याचं बाशिंग, सारं बाहेर. सासऱ्याची कवळी जावयाच्या चहाच्या रिकाम्या कपात पडली. कोणी हूं की चूं नाई केलं. मामाचा मान होता.

मी दिवाणावर पाय वर घेऊन बसली. सारे चहाची वाट पाहून राह्यले होते. शकुंतलाबाईनं सवयीनं माह्याकडं पाह्यलं, अन् मग तिले आठवलं, पाहुणीले चुलीपाशी कसं पाठवाचं? एकानं दुसऱ्याकडं पाह्यलं. शेवटी भैय्याजी उठले अन् आत गेले. भांडे पडल्याचा आवाज आला. मग अजून एक.

"साखर कुठी असते वं?" आतून इचारलं.

"मले काय माहीत बाप्पा," मी म्हणलं. "मी आत्ताच आली."

लय टायमानं चहा आला. साखर नाई, अद्रक भसाभसा. भैय्याजीनं पहिला कप मले देला, समोर पाटावर बसले अन् घसा खाकरला. पाहुण्याले जे इचारतात ते कोणीतरी इचाराच लागते, रीतच हाये.

"मुक्काम किती दिवस, पाहुणीबाई?"

सारी जिंदगी या घरात गेली माही, पण हे मले कोणी इचारलं नव्हतं. डोळ्यात पाणीच आलं. मी अद्रकाच्या नावावर खपवलं.

"रोप लागेपर्यंत त हाओ," मी म्हणलं. "मंग पाहू. करमलं त राहीन."

भैय्याजी पाटावरच बसून राह्यले. बाकीचे आपापले ड्रावर लावाले टाळीची वाट पाहात होते, पण त्याइचं तिकडं ध्यानच नव्हतं. माह्या रिकाम्या कपाकडं पाह्यलं अन् हळूच, फक्त मले ऐकू जाईन असं म्हणले, "राह्यजो."