कोतवालाचा कज्जा

तळे गावाच्या अलीकडे, जिथे डोंगर ओसरून खाडीकाठची शेते सुरू होतात, तिथल्या एका वाडीत हिरामण आणि अंबाजी या दोन कुणब्यांची वडिलांच्या वेळेपासूनची सावड होती. एकाच्याही गोठ्यात जोडी नव्हती. हिरामणाचा एक बैल आणि अंबाजीचा एक बैल एका जुवाखाली येत, तेव्हाच दोघांची खाचरे लावणीसाठी चिखळली जात. एकोणीसशे एकतीसच्या आषाढात ही सावड मोडण्याच्या बेतास आली, आणि तीही एका कुत्र्यापायी.

कुत्रा हिरामणाचा. नाव कोतवाल. वय वर्षाचे, छाती रुंद, आवाज असा की परक्या माणसाने वाडीच्या वेशीवरच आपले नाव-गाव सांगून टाकावे. हिरामणाचा मेहुणा कोंडाजी पालीहून आला तो या कुत्र्याची कीर्ती ऐकूनच.

"दाजी, माज्या कुत्रीसाठी कोतवालाला चार दीस न्हेतो. असली जात आमच्याकडं न्हाय."

हिरामणाची मान ताठ झाली. परंतु कोंडाजी हा दात पाहिल्यावाचून बैल न घेणारा माणूस. त्याने कोतवालाची शेपटी उचलून वाकून पाहिले, आणि तो खो खो हसू लागला.

"दाजी, नाव कोतवाल ठेवलंत खरं, पन ह्याचं हत्यार कुनी जप्त केलं?"

हिरामणानेही वाकून पाहिले. पिशवी असावयाची तिथे तळहातासारखे सपाट कातडे होते. पिल्लू आणताना तो नर आहे एवढेच त्याने पाहिले होते. नराच्या बाकीच्या गोष्टी आपोआप येतात, असा त्याचा समज होता.

मनुष्याची बुद्धी ओळखीच्या वाटेनेच चालते. हिरामणाच्या अनुभवात नराचे नरपण जाण्याचा मार्ग एकच होता: गोऱ्ह्याचा बैल करताना गोळ्या ठेचून त्याला बडवतात तो. वाडीत या कामात अंबाजीइतका हलका हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. ना जखम, ना रक्त. शिवाय चैत्रात कोतवालाने अंबाजीच्या अंगणातले सुके बोंबील पळवले, तेव्हा अंबाजी चारचौघांत ओरडला होता, "एक दीस ह्याचा बैल करून सोडतो का न्हाय, बघ!" आता याहून अधिक पुरावा तो कोणता हवा?

"अवं, बडवलेलं जनावर सुजतं, लंगडतं," त्याची बायको सोनाबाई म्हणाली. "आपला कोतवाल कवा लंगडला?"

"कुत्र्याचं कातडं बैलावानी नसतं!" हिरामण गरजला. हा युक्तिवाद नव्हे, नुसता आवाज आहे, हे त्यालाही कळत होते. परंतु आवाज चढवला म्हणजे पुष्कळदा युक्तिवादाचे काम भागते.

तो तसाच अंबाजीच्या अंगणात गेला आणि आपला बैल यापुढे त्याच्या बैलाशेजारी उभा राहणार नाही, असे सांगून आला. अंबाजी रागाने एवढेच म्हणाला, "नको राहू दे. माज्या बैलाला बी सोबत निवडायचा हक्क हाय."

भांडण छान रंगले, पण चिखळणी थांबली. दोघांचीही रोपे वाफ्यात उंच होऊन पिवळी पडू लागली. तेव्हा वाडीतले सर्वांत वडील धर्माजी यांनी दोघांना बहिरीच्या देवळात बोलावले. सारी वाडी जमली. हिरामणाने पुरावा म्हणून कोतवालाला काखोटीस मारून आणले होते.

"अंबाजी, तू ह्ये केलंस?" धर्माजींनी विचारले.

"न्हाय."

"जखम न्हाय म्हनून सुटू पाहतो!" हिरामण म्हणाला. "बडवल्यावर जखम कशी दिसंल?"

"मंग मी केलं न्हाय ह्ये दाखवू कसं?" अंबाजीचा आवाज प्रथमच खाली आला. "देवावर हात ठेवतो."

ज्या मित्राला देवापुढे उभे करून शपथ घ्यायला लावली, त्याच्या बैलाशी पुन्हा आपला बैल जुंपता येत नाही, हे तेथल्या प्रत्येकास ठाऊक होते. हिरामणालाही होते. चुळबुळणाऱ्या कोतवालाला सावरण्यासाठी त्याने त्याच्या मागच्या पायांत हात घातला.

जांघेतल्या कातड्याखाली काहीतरी बोटांखालून सरकले. वालाच्या दाण्याहून थोडे मोठे. त्याने दुसरी बाजू चाचपली. तिथेही तसेच.

बडवलेल्या बैलाच्या गोळ्या सुकतात, कडक होतात, परंतु पिशवीतच राहतात. त्या चढून जांघेत जात नाहीत. या तर उतरल्याच नव्हत्या. ही गोष्ट त्या क्षणी जगात एकट्या हिरामणाला ठाऊक होती, आणि तो गप्प बसला असता तर ती दुसऱ्या कोणाला कळलीही नसती.

अंबाजीचा हात देवाकडे निघाला.

"थांब!" हिरामण ओरडला. "हात लावू नको. हायेत! दोनी हायेत!"

"काय हाय?" धर्माजी दचकले.

"ह्याचं... ह्याचं हत्यार. घरातच हाय, भाईर आलंच न्हाय! अंबाजीनं काय बी केलं न्हाय. मीच गाढव."

मग देवळात जे हसू उसळले, ते आवरताना धर्माजींना आपले पागोटे धरावे लागले. प्रत्येकाने चाचपून खात्री करून घेतली. कोतवालाने ही तपासणी मोठ्या नाखुशीने सोसली.

"आता उतरतील का हो?" अजून मुक्कामास असलेल्या कोंडाजीने आशेने विचारले.

"वरीस सरलं. आता कसली उतरतात?" धर्माजी म्हणाले. "अन् उतरली तरी ह्याची पिल्लं धरू नको. बापाची खोड लेकरांत येती." मग ते हिरामणाकडे वळले. "तू आळ घेतलास. औंदा अंबाजीची खाचरं आधी, तुजी मागनं."

"कबूल," हिरामण इतक्या तत्परतेने म्हणाला की ती शिक्षा आहे असे कोणाला वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बैल अंबाजीच्या खाचरात एका जुवाखाली उभे होते. गुडघाभर चिखलात अंबाजीने नांगर धरला.

"हिरामणा," तो म्हणाला, "मी केलंय असं तुला खरंच वाटत हुतं?"

"खरंच."

"मंग बरं. उगाच काढलेलं भांडान असतं, तर मी जू दिलं नसतं." त्याने बैलाच्या पाठीवर हलकेच थाप मारली. "चल, हाक आता. दुपारपातुर तुज्या बांधाला लागू."