दिव्याच्या जागी टांगलेला पंखा

मित्रांनो, माझी चकचकीत पाती पाहून वयाचा अंदाज बांधू नका. ती नुकतीच पुसली आहेत. मी एक जुना, पाच पात्यांचा आणि चांगला पंधरा किलो वजनाचा पंखा आहे. माझा जन्म टेक्सासच्या एका कारखान्यातला, पण आयुष्य गेलं लुइझियानात, एलवुड फॉन्टनो यांच्या केशकर्तनालयात. तिथे मी थेट जाडजूड तुळईत बसवलेला होतो. एकोणीस उन्हाळे फिरलो. खुर्चीत मान मागे टाकून गिऱ्हाइकं म्हणत, वारा असावा तर असा. मला ते फार आवडे, लपवू कशाला?

मग एलवुड थकले, दुकान बंद झालं आणि मी तीन वर्षं गॅरेजमध्ये टॉवेलात गुंडाळलेला पडून राहिलो. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. वाईट वाटायचंच.

एलवुडची मुलगी डेल्फीन तान्ह्या आयनेसला घेऊन माहेरी राहायला आली, तेव्हा माझी आठवण झाली. खोलीत उकाडा होता आणि छताला दिवा होता. दिवा उतरवायचा आणि त्याच जागी पंखा चढवायचा, अशी इथे पुष्कळांची रीत. एलवुडनीही तेच केलं. पण दिवा ज्यात अडकवतात ती छतातली डबी प्लॅस्टिकची, हलक्या दिव्याच्या ओझ्यापुरती. मी फिरू लागताच ती कुरकुरली. मी डुलू लागलो. खाली पाळणा होता. मला भीती वाटत होती, पण पंख्याचं कोण ऐकतं?

"पपा, हा डुलतोय," डेल्फीन म्हणाली.

"एकोणीस वर्षं दुकानात पडला नाही, तो आताच बरा पडेल! बापाला शिकवू नकोस."

"मग मी पाळणा सरकवते. तुम्ही झोपा त्याच्याखाली."

एलवुड हट्टाला पेटले. उशी घेऊन जमिनीवर आडवे झाले. दहा मिनिटांत छताचा भुगा त्यांच्या मिशीवर पडला. ते उठले, मला बंद केलं आणि पाळण्याच्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिले. मग मला उतरवलं. डबीला उभा तडा गेला होता. त्यांनी तो लपवला नाही, मुलीला दाखवला.

"पडला असता, पोरी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी मेन स्विच बंद केला, वीज गेल्याची टेस्टरने खात्री केली. माळ्यावर घामाघूम होत दोन वाशांमध्ये लोखंडी दांडा घट्ट बसवला आणि खास पंख्यासाठीची लोखंडी डबी त्याला जोडली. मला टांगलं, पण स्क्रू झाकणारी वरची वाटी मुद्दाम लावली नाही.

"झालं ना नीट?" डेल्फीनने विचारलं.

"माझ्या शब्दावर जाऊ नकोस. शिडीवर चढ आणि बघ."

ती चढली. एकेक स्क्रू तिने हाताने चाचपला, मला धरून खाली ओढून पाहिलं. एलवुड शिडी धरून उभे होते, परीक्षेला बसल्यासारखे. ती उतरली. पाळणा तिने स्वतःच ढकलत माझ्याखाली आणला.

मित्रांनो, वारा छान देतो म्हणून माझ्यावर विसंबू नका. मी वजनदार आहे, आणि मला स्वतःला धरता येत नाही. मला टांगाल तेव्हा वर कशाचा आधार आहे ते पाहा. खाली कोण निजणार आहे, ते मनात ठेवून पाहा.