तीन थेंब

ड्रॉपरमधून एक मिलिलिटर पाणी सोडलं, तर साधारण वीस थेंब पडतात. ही मोजणी नर्सच्या हातात इतकी मुरली होती की, निवृत्तीनंतरही तिची नजर पाण्याच्या धारेवर आपोआप जाई. फादर बाहुलीच्या कपाळावर पाणी ओतत होते. पन्नास मिलिलिटर तरी असेल. म्हणजे हजार थेंब.

उद्याच्या बाप्तिस्म्याची तालीम चालली होती. खरं बाळ मागच्या बाकावर आजीच्या मांडीत झोपलं होतं.

"फादर, बाहुलीला सर्दी होईल हं," बाळाची आई म्हणाली. ती चोवीस वर्षांची होती आणि सगळे तिला थेंबू म्हणत.

"हसू नकोस. आता धर्ममाता पुढे या," तरुण फादर म्हणाले. नर्स पुढे झाली. "धर्ममाता म्हणजे नुसतं फोटोत उभं राहणं नाही, मावशी. या पाण्यात जुनं बुडतं आणि माणूस नवा होऊन वर येतो. आयुष्यात एकदाच. म्हणून शेजारी उभं राहणारं माणूस खरं लागतं."

"तिला काय शिकवताय?" थेंबू म्हणाली. "तिनेच तर मला काचेच्या पेटीत बाप्तिस्मा दिला. तीन थेंबांत! काटकसर बघा."

"नऊशे ग्रॅमची होतीस," मागून तिची आई म्हणाली. "बादली ओतायची होती का तुझ्यावर?"

सगळे हसले. नर्सही हसली. चोवीस वर्षं ती या गोष्टीत याच ठिकाणी, बरोबर वेळेवर हसत आली होती.

थेंबू जन्मली त्या दुपारी तिच्या आईला रक्तस्राव थांबेना म्हणून पुन्हा ऑपरेशनला नेत होते. तेव्हाचे म्हातारे फादर दीड तासाच्या वाटेवर होते. ती नर्सला म्हणाली, "ताई, तोवर पोरीचं काही झालं तर? तुम्हीच करा. कुणीही करू शकतं म्हणतात." ते खरं होतं. जीव धोक्यात असेल तर कुणीही चालतं. साधं पाणी, ठरलेले शब्द आणि मनापासूनची इच्छा, एवढंच लागतं. नर्सने ड्रॉपर भरला. बाळाचं तापमान पस्तीसच्या जरा वर होतं आणि पाणी गार होतं. ते कोमट व्हावं म्हणून तिने ड्रॉपर मुठीत धरला. अर्धा मिनिट. तेवढ्यात शेजारच्या पेटीतल्या बाळाचा श्वास थांबला. ड्रॉपर ट्रेमध्ये ठेवून ती तिकडे धावली.

परतताना दारात स्ट्रेचर आडवं आलं. आईचे ओठ पांढरे पडले होते. "झालं?"

"झालं. तीन थेंब."

लगेच जाऊन करणारच होती. पण पेटीशी डॉक्टर सुई लावत उभे होते. एवढ्याशा हातात शीर सापडायला तासभर गेला, आणि त्यांचं आटोपेपर्यंत फादर पोहोचले. घरच्यांनी त्यांना आनंदाने सांगितलं. एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करायचा नसतो, म्हणत त्यांनी नुसती प्रार्थना केली आणि नोंदवहीत लिहिलं. खाली नर्सची सही लागत होती. तेव्हा बोलता आलं असतं. सगळे हात जोडून उभे होते. तिने सही केली, मग ड्रॉपरमधलं पाणी बेसिनमध्ये सोडून दिलं.

पोर जगली. ऑक्सिजनने, नळीतून दिलेल्या दुधाने, थोडी नशिबाने. पण घरात श्रेय मिळालं ते तीन थेंबांना. त्यावरून नाव पडलं. दर वाढदिवसाला केकचा पहिला तुकडा नर्सच्या तोंडात जायचा आणि तिला तो गिळावा लागायचा. थेंबू, अशी हाक कुणी मारली की तिची मान जराशी खाली जायची. लोक म्हणायचे, बाई किती विनयशील.

"आता मी विचारेन, पापाचा त्याग करता का?" फादर सांगत होते. "तुम्ही म्हणायचं, करते."

नर्सने खाली पाहिलं. बाहुलीच्या हनुवटीवरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. एक. दोन.

"मावशी, अगं 'करते' म्हण ना! एकच तर शब्द आहे."

तेव्हाही एकच शब्द होता. तिने थेंबूकडे पाहिलं, मग मागच्या बाकाकडे. थेंबूची आई बाळाचं टोपडं सरळ करत होती.

"फादर," ती म्हणाली, "उद्या बाळाच्या आधी हिचा करा. मी हिच्यावर पाणी घातलंच नव्हतं."