दोन्ही चाकं एकदम

ज्याला भिंतीत खिळा सरळ ठोकता येत नाही, त्याने सुट्टीच्या सकाळी वडिलांच्या जुन्या गाडीचे मागचे ब्रेक घरीच बदलायला घेतले. कारण घरात दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि त्याच्या बायकोला. बाबांना हल्ली कमी दिसायचं. गेल्या आठवड्यात त्यांनी फाटकाचा खांब पाडला आणि वर खांबालाच दोष दिला. "गाडी चालवणं आता पुरे," एवढं बोलायला चिरंजीवांची जीभ रेटेना. त्यापेक्षा ब्रेक गेलेत म्हणायचं, गाडी खोलायची आणि कामाचं भिजत घोंगडं ठेवायचं, हे सोपं. शूरवीरच तो.

"आधी एकच बाजू खोल," बायको म्हणाली. "अडलं तर दुसरीकडे बघून बसवता येईल."

बायकोचं ऐकलं तर नवरा कसला? त्याने दोन्ही चाकांवरचे ब्रेकचे ड्रम उतरवले आणि दोन्हीकडच्या स्प्रिंगा एकाच डब्यात ओतल्या. त्यातली एक पकडीतून निसटून त्याचा गालही सोलून गेली. दुपारपर्यंत कशाला काही जुळेना. सोंग करायला गेलेला माणूस आता खरोखरच अडकला होता.

बाबा खुर्ची ओढून चाकापाशी बसले. तरुणपणी ही गाडी त्यांनी कितीदा तरी खोलली होती. काढून ठेवलेला ब्रेक शू उचलून त्यांनी त्याच्या लायनरवरून, म्हणजे झिजणाऱ्या पट्टीवरून, अंगठा फिरवला.

"हे अजून पुष्कळ चाललं असतं," बाबा म्हणाले.

मुलगा डब्यातल्या स्प्रिंगा उगाच चाळवत राहिला.

"डोळे गेलेत रे माझे, बोटं नाहीत. सरळ सांगायचंस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

"वाटलंच असतं. पण आता वाटतंय तेवढं नाही."

मग बराच वेळ बाबा चाचपून एकेक भाग हातात देत गेले आणि मुलगा मान खाली घालून बसवत गेला. नवे शू बसले, ड्रम चढले, चाकं आवळली. बाबांनी खिशातून किल्ली काढली, क्षणभर मुठीत धरली आणि सुनेच्या हातात दिली.

"तू चालव. मी शेजारी बसतो."

मुलगा मागचं दार उघडायला गेला.

"तू नको. तू फाटकात उभा राहा, खांबाच्या जागी. ब्रेक तू बसवलेस ना?"

चिरंजीव गुपचूप जाऊन उभे राहिले. गाडी हळूहळू आली आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. बाबांनी किल्ली पुन्हा कधी मागितली नाही.