यान्नाचा एल्म

मित्रांनो, मी एक जुना एल्म. माझ्या वाणाचं एकही झाड आज पृथ्वीवर उभं नाही, तरी बोलतो आहे.

डच समुद्रबांधाआड मारिनुसची रोपवाटिका होती. शेकडो रोपांत त्याला मी वेगळा दिसलो: पान गुळगुळीत, उलटं केलं की रुपेरी. त्याने माझ्या काड्या कापून रानटी एल्मच्या खुंटांवर कलमं बांधली आणि वाणाला आपल्या बायकोचं, यान्नाचं, नाव दिलं. चर्चच्या रस्त्याला चाळीस झाडं लागली. ती चाळीसही मीच होतो. माझ्या सावलीतून प्रार्थनेला जाताना माणसं आपोआप आवाज खाली आणायची.

मग साथ आली. सालीत शिरणारा एवढासा भुंगेरा ती आणायचा. एक झाड वाळलं की मुळांवाटे शेजारच्याला लागण. आपलंच मरण आपण एकोणचाळीस वेळा पाहायचं, कल्पना करा.

उरलो तो त्याच रस्त्यावर, यान्नाच्या फाटकापाशी. मारिनुस तोवर देवाघरी गेला होता. हिवाळ्यात त्याचा जुना गडी क्रैन सुरी घेऊन आला.

"वहिनी, एक काडी द्या. हात थरथरतो, पण कलम अजून बांधतो मी."

"आधी स्वतःची बोटं मोज," यान्ना म्हणाली. मग हळूच, "जखमेच्या वासावर भुंगेरा येतो रे. ह्यांचं एवढंच उरलंय माझ्याकडे. नको."

तिचं चुकीचं नव्हतं. पण जूनमध्ये माझा शेंडा पिवळा पडला, तेव्हा द्यायला एकही निरोगी काडी उरली नव्हती. मला तोडलं.

वसंतात बुंध्याशी पालवी फुटली. यान्नाने क्रैनला बोलावून घेतलं. त्याने पान उलटून पाहिलं. रुपेरी काहीच नव्हतं. कलम संपलं होतं. खालचा रानटी खुंट फुटला होता. क्रैनने टोपी काढली.

"जरा खरखरीत आहे," यान्ना म्हणाली, "पण लहान आहे ना अजून."

"आला की, वहिनी," तो म्हणाला.

तेव्हापासून ती रोज त्या कोंभांना पाणी घालते, मारिनुसच्या आठवणी सांगते. खुंटाचा मला राग नाही. जन्मभर त्याने माझा भार मुकाट्याने वाहिला. मी तिथेच वाऱ्यात असतो, ऐकतो. 'ओ' द्यायला मात्र मला एक पान नाही.

मित्रांनो, जीव लावलेलं झाड धडधाकट असतानाच त्याची काडी दुसऱ्याच्या हाती द्या. आणि यान्नाला यातलं काही सांगू नका.