चौदा पायऱ्यांची माफी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. दोन उभे दांडे, चौदा पायऱ्या आणि टेकायला भिंत, एवढाच माझा संसार. भिंत नसेल तर मी कोणाच्याच कामाची नाही, आणि खाली धरणारा नसेल तर फारशी भरवशाचीही नाही. हे मी कधी लपवलं नाही.

चर्चसाठी मला सुतारकाकांनी घडवलं. प्रत्येक पायरी त्यांनी स्वतः तिच्यावर उभं राहून तपासली. त्यांचं वजन तेव्हाही नव्वद किलो होतं, त्यामुळे तपासणी चोख झाली. पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. दिवे बदलायचे, कोळिष्टकं काढायची, उंच खिडक्या पुसायच्या, की मला बोलावणं यायचं. वर चढायचे शिंपीकाका, कारण ते काडीसारखे हलके. खाली धरायचे सुतारकाका. दोघे शाळेपासूनचे दोस्त.

मग घड्याळाचा दिवस उजाडला. शिंपीकाका बाराव्या पायरीवरून भिंतीला घड्याळ लावत होते. सुतारकाकांना वाटलं, ते जरा डावीकडे झुकलंय. खात्री करून घ्यायला ते मला सोडून चार पावलं मागे गेले. फरशी त्याच सकाळी घासून चकचकीत केलेली होती. पुढचं सगळं घर्षणाच्या हाती होतं, आणि घर्षण फारसं उरलं नव्हतं. मी घसरले. शिंपीकाका गायकांच्या बाकांवर आदळले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. सुतारकाका धावत आले, पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निघू नये तेच निघालं.

"घड्याळ मात्र सरळ बसलंय रे."

तीन महिने शिंपीकाकांना कात्री धरता आली नाही. ते वाक्य मात्र त्यांनी नऊ वर्षं धरून ठेवलं.

सुतारकाकांनी सात वेळा माफी मागितली. दर वेळी उत्तर एकच, दार लावून घ्यावं तसं: "माफ केलंय म्हटलं ना तुम्हाला." रविवारी शिंपीकाका त्यांच्यापासून आठ बाकं पुढे बसत. मी मागच्या खोलीत पडून होते, कारण दोष माझ्यावरही आला होता. तिथे माझ्यावर टेबलक्लॉथ वाळायचे आणि एका कोळ्याने चार पिढ्या वाढवल्या. भिंतीपलीकडून प्रार्थना ऐकू यायची. इतरांना क्षमा करण्याची ओळ आली, की शिंपीकाकांना नेमका खोकला यायचा. दर रविवारी, त्याच ओळीला. औषधानेही फरक पडला नाही.

एका रविवारी दुपारी सुतारकाकांनी मला घाईघाईने खांद्यावर घेतलं. निवृत्त नर्सबाईंच्या छपराची दोन कौलं सरकली होती आणि पाणी थेट त्यांच्या पलंगावर गळत होतं. मांडीचं हाड मोडल्याने त्यांच्या पायाला वजन बांधलेलं. ना त्यांना हलवता येई, ना पलंग. पोटावर पातेलं धरून त्या पडल्या होत्या. पाऊस जरा थांबला होता, पण आभाळ भरलेलंच होतं. शिंपीकाका नर्सबाईंसाठी शिवलेला गाऊन द्यायला आधीच आले होते. सुतारकाकांना पाहून ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

सुतारकाका छपरावर चढले असते, तर नर्सबाईंना पाण्याऐवजी सुतारकाकाच पातेल्यात घ्यावे लागले असते. एरवी पाळकसाहेब चढले असते, पण ते बाप्तिस्म्यासाठी दुसऱ्या गावी गेले होते. खिडकीबाहेरून मला सगळं ऐकू येत होतं.

"मी कोणालातरी घेऊन येतो," शिंपीकाका म्हणाले.

"पातेलं भरत आलंय," नर्सबाई म्हणाल्या. "तुम्ही यांना माफ केलंय ना?"

"कधीच केलंय."

"मग चढा."

"माफ करणं वेगळं आणि शिडी धरायला देणं वेगळं, बाई."

"असं होय. येशूने माफ केलं, ते आठ बाकं लांब बसून नाही केलं हो."

शिंपीकाका बाहेर आले. माझी पहिली पायरी त्यांनी हाताने हलवून पाहिली.

"धरलंय ना?"

"धरलंय."

दर पायरीला हाच संवाद झाला, चौदाही वेळा. वरचे गुडघे थरथरत होते. लाकडातून थरथर दोन्ही दिशांना जाते, त्यामुळे खालचे हात त्याहून जास्त कापतायत हेही मला कळत होतं.

पहिलं कौल बसलं. दुसरं बसवताना शेजारची शेळी आली. सुतारकाकांच्या रविवारच्या कोटाचं टोक तिने तोंडात घेतलं आणि शांतपणे चावू लागली.

"शेळी कोट खातेय," वरून आवाज आला.

"खाऊ दे."

"अरे, अस्तरापर्यंत पोचली ती."

"तू कौल बसव."

टर्रकन आवाज झाला. कापड फाटल्याचा आवाज शिंप्याला हाडांत ऐकू येतो. सुतारकाकांचे हात मात्र माझ्या दांड्यांवरून हलले नाहीत. उतरताना शिंपीकाकांनी एकदाही काही विचारलं नाही.

खाली येऊन त्यांनी सुतारकाकांना पाठमोरं वळवलं. वीतभर कोट शेळीच्या पोटात गेला होता.

"उद्या दुकानात घेऊन ये. या रंगाचं कापड नाहीये माझ्याकडे. ठिगळ दिसेल."

"दिसू दे," सुतारकाका म्हणाले.

"पातेलं कोण रिकामं करणार?" नर्सबाईंनी आतून विचारलं. दोघे एकदमच दारात घुसले आणि क्षणभर तिथेच अडकले. मी शेळीबरोबर एकटी राहिले. तिची नजर आता माझ्या खालच्या पायरीवर होती.

तेव्हापासून मी पुन्हा कामावर आहे. मित्रांनो, माझी विनंती साधी आहे. मला ओलीत ठेवू नका. वर्षातून एकदा तेल पाजा, पायाखालचं रबर झिजलं की बदला. चार हात उंची असेल तर पाया भिंतीपासून एक हात लांब ठेवा. धरायला उभे राहिलात, तर शेवटपर्यंत धरा. आणि चढणार असाल, तर खाली कोण आहे ते एकदा बघून घ्या. मग वर बघा.