बारावं झाड

"काहीच नाही, सुरेखा." उमा मॅडमनी काचेची बशी खिडकीच्या उजेडात धरली. जंतू बशीभर खुशाल पसरले होते. पाल्याच्या अर्कानं त्यांचा केसही वाकडा केला नव्हता.

सुरेखाचा चेहरा उतरला. संभाजीनगरच्या त्या कॉलेजात ती चौदा वर्षं प्रयोगशाळेची मदतनीस होती. बाटल्या धुवायच्या, पाला सावलीत वाळवायचा, चिठ्ठ्या डकवायच्या. नव्या औषधाच्या शोधासाठी मॅडमना बारा झाडं निवडायची होती. लोक जे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात ते आधी, हा त्यांचा नेम. अकरा ठरली होती. बाराव्यासाठी सुरेखानंच छाती ठोकून सांगितलं होतं, "आमच्या घरचं औषध घ्या. बैलाचा चिघळलेला खांदा आठ दिवसांत भरून येतो."

"शुक्रवारी यादी जाते," मॅडम म्हणाल्या. "झाड तेच ना? सासूबाईंनीच दिलं ना?"

"व्हय मॅडम," सुरेखा म्हणाली. धडधडीत खोटं!

औषध तिच्या सासूचं, लक्ष्मीबाईंचं. फुलंब्रीच्या आसपासची माणसं जनावरं घेऊन त्यांच्या दारात यायची. औषधाच्या बदल्यात त्या कुणाच्या घरचा चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. पण झाडाचं नाव? छे, नावच काढू नका. सांगितलं की सांगणाऱ्याच्या हाताचा गुण जातो, असं त्यांच्या सासूनं बजावलेलं. एकोणीस वर्षं एका चुलीवरचं खाऊनही सुनेला पत्ता नाही. मग सुरेखा एकदा चोरपावलांनी मागोमाग टेकडीवर गेली, म्हातारी काय खुडते ते तिनं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी तोच पाला पिशवीभर नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवला.

त्या सोमवारी काळीपिवळीतून घरी येईपर्यंत तिचं मन तिला खात होतं. चप्पल काढली आणि ती तडक सासूपुढं जाऊन बसली.

"आत्याबाई, मी चोरी केली." आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं.

लक्ष्मीबाई खुदकन हसल्या. "अगं येडे, त्यो पाला बघणाऱ्यासाठीच असतोय! मागं कुणी आलं तर फसावं म्हणून दोन-तीन जातीचा खुडायचा, घरी आलं की बकरीम्होरं टाकायचा. औषध त्या पाल्यात नाय, येगळ्याच मुळीत हाय."

"म्हणजे मी बकरीचा चारा तपासायला नेला?"

"लई शहाणी ना तू!"

दोघी पोट धरून हसल्या. मग हसू आवरून म्हातारी म्हणाली, "पर मला इचारायचं तरी. इतकी परकी हाय व्हय मी?"

सुरेखाला रडू फुटलं. "तुम्ही सांगितलं नसतं."

"नसतंच सांगितलं." लक्ष्मीबाईंनी पदरानं तिचे डोळे पुसले. "काय करत्यात गं त्याचं तिथं?"

"बघायचं, माणसाच्या जखमेला चालतंय का. दहा वर्षं लागतील. कदाचित काहीच निघायचं नाय."

"धोंडिबाचा पाय साखरेनं सडला," लक्ष्मीबाई म्हणाल्या. धोंडिबा त्यांचा पाठचा भाऊ. "गुडघ्यापासनं कापला. औषध माझ्या घरात व्हतं. पर जनावराचं माणसाला लावायची छाती झाली नाय माझी. अजून झोप लागत नाय."

पहाटे त्यांनीच सुनेला उठवलं, टेकडीवर नेलं, खुरप्यानं मुळी उकरली आणि नाव तिच्या कानात सांगितलं. ते नाव मी इथं लिहीत नाही. मला कुठं त्यांनी सांगितलंय?

त्याच दिवशी सुरेखानं मॅडमना खरं काय ते सांगून मुळी त्यांच्या हातात दिली. शुक्रवारी बशीत मुळीच्या अर्काच्या थेंबाभोवती टिकलीएवढी स्वच्छ जागा पडली होती. "याला औषध म्हणायला फार अवकाश आहे," उमा मॅडम म्हणाल्या, "पण निवडायला एवढं पुरे." त्यांनी बाराव्या ओळीत झाडाचं नाव घातलं आणि माहिती देणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं, लक्ष्मीबाई. सुरेखाला आभाळ ठेंगणं झालं. घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा म्हातारी नुसती "बरं झालं बाई" म्हणाली.

रविवारी शेजारच्या वस्तीवरचा राजकुमार बैल घेऊन आला. बैलाच्या खांद्यावर माश्या घोंगावत होत्या. ओट्यावर बसलेल्या लक्ष्मीबाई सवयीनं अर्ध्या उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या.

"माझ्याकडं नगं बाबा. गुण देऊन टाकला म्या. सुरेखाकडं जा."

"आत्याबाई, असं काय करता? तुमीच लावा," सुरेखा काकुळतीला आली.

"माझ्या हातानं आता लागायचं नाय. तू लाव. घाबरू नगंस, बरा व्हतोय बैल."

राजकुमार घुटमळला, मग त्यानं कासरा सुरेखाच्या हातात दिला. लक्ष्मीबाईंनी आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.